कचरूचं मीठ

माझा चुलतभाऊ कचरू फौजेत स्वयंपाकी होता, आणि अख्ख्या नोकरीत त्याला एकच पदार्थ धड आला. मिझोराममधल्या उस्तादाने शिकवलेला, डुकराचं मटण आणि पानकोबीचा रस्सा. तेवढ्या भांडवलावर तो निवृत्त होऊन मलकापुरात आला आणि सगळ्या वऱ्हाडाला नावं ठेवू लागला. आमच्याकडे म्हणे स्वयंपाक नसतोच, नुसतं तिखट असतं.

थंडीतल्या रविवारी अंगणात विटा मांडून तो जर्मनचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, चढवायचा. चरबीसकट तुकडे, ठेचलेलं आलं-लसूण, चार हिरव्या मिरच्या, पाणी. तेल नाही, हळद नाही, मसाला नाही. दीड तास झाकणाला हात लावायचा नाही. मग पानकोबीच्या मोठमोठ्या फोडी, आणि कोबीला पाणी सुटलं की सगळ्यात शेवटी मीठ. या मिठाबद्दल तो असा बोलायचा, जणू समुद्र त्यानेच आटवला. आम्ही फुकटे खिशातली तिखटाची पुडी चोरून वाडग्यात सोडायचो. म्हणजे आम्हीही काही फार थोर नव्हतो.

पंचफुलावहिनीच्या हातचं खाऊनच हा जगला, पण चार लोकांत तिच्या भाजीला ढोरायचं खाणं म्हणायचा. ती काही सुचवायला गेली की, "तुले काय समजते वं मिठातलं?" हे ठरलेलं.

मागच्या वर्षी तापातून उठला तो तोंडाची चव घालवूनच. त्याने कोणाला सांगितलं नाही. एकदा चहात चुकून मीठ पडलं आणि हा कपभर गोड मानून पिऊन गेला, तेव्हा वहिनीला कळलं. तेव्हापासून रस्सा चाखून मीठ तीच टाकायची, लोक यायच्या आत. लोक आले की पुन्हा, "तुले काय समजते."

जानेवारीत उस्तादाचा फोन आला. मुलाकडे मुंबईला चाललो आहे, वाटेत मलकापूरला उतरतो. कचरूचं धाबं दणाणलं. शिकाऊ माणसाच्या वाडग्यात स्वतःचा चमचा घालून बघायची त्या माणसाची जुनी सवय. तो 'सही' म्हणाला तरच कचरूच्या फुशारकीला अर्थ होता, नाहीतर सगळा रुबाब एका घासात संपणार होता.

त्या दिवशी चुलीपाशी त्याने बायकोपुढे चक्क हात जोडले. मी कोबी चिरत बसलो होतो, माझ्यादेखत. वहिनीने थेंब चाखला, चिमूट टाकली, पुन्हा चाखला.

उस्तादाने दोन घास खाल्ले आणि मान डोलावली. कचरूला मीठ कधीच जमलं नाही, हात नेहमी जड पडायचा, असं त्याने हसत आम्हाला सांगितलं. मग विचारलं, "आज नमक किसने डाला?"

वहिनी दारातच उभी होती. कचरूने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मैंने, उस्ताद. इसको क्या समझता है?"

मला त्याची किळस आली. इतका कोडगा माणूस आपल्या रक्ताचा निघावा याची लाज वाटली. वहिनीने कचरूचा रिकामा वाडगा उचलला, गंजातून भरला आणि आत नेला. आत तिने त्यात मूठभर मीठ टाकून ढवळलं, ते खिडकीतून मला दिसलं. मी गप्प बसलो, आणि मजेत बसलो.

तिने वाडगा पुढ्यात आणून ठेवताच कचरू त्यात तोंड घालून मचामचा खाऊ लागला. "एकदम सही पडा है, उस्ताद," म्हणत बोटंही चाटली.

उस्तादाने सवयीने त्याच्या वाडग्यात चमचा घातला. तोंडात घेतलेला घास त्याने तसाच रुमालात काढला. कचरूकडे बघितलं, मग दाराकडे. मग तो सतरंजीवर बाजूला सरकला.

"बहनजी, आप यहाँ बैठिए," तो म्हणाला, आणि स्वतःच्या हाताने गंजातून तिच्यासाठी वाडगा भरला.

कचरू अजून खातच होता.