रुख्मीच्या डोक्याला काय लावलं?

चतुराबाईचं नाव ठेवणाऱ्यानं काय बघून ठेवलं, देव जाणे! मानवतजवळच्या खेड्यातली ही बाई लय भित्री. सासू खोकली तरी दचकायची. त्या सकाळी मात्र तिच्या भीतीला कारण होतं. तिची सात वर्षांची पोरगी रुख्मी ओट्यावर पडली होती. उलट्या, तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, अंगाला दरदरून घाम.

थोड्या वेळापूर्वी चतुराबाईनंच उवा मराव्यात म्हणून कपाशीवर फवारायचं औषध पोरीच्या केसांना चोळलं होतं. गावात कितीक जणी तसंच करायच्या. पण त्या बाटलीला हात लावशील तर घराबाहेर काढीन, असं सासूनं बजावलेलं.

पोरीला काखेत घेऊन ती हापशावर धावली. पाण्याला आलेल्या बायका सगळ्या अडीअडचणींचा निवाडा तिथंच करायच्या.

"बायांनो, पोरगी उलट्या करायलीय. काय करू?"

झालं! जिला-तिला उत्तर तयार. एक म्हणाली, दृष्ट काढ. दुसरी म्हणाली, ओव्याचं पाणी पाज. शेजारची जाणती कस्तुराबाई म्हणाली, "शिळंपाकं खाल्लं असंल. लिंबू दे."

चतुराबाई नुसती मान डोलवत राहिली. बायकांचं काय चुकलं? हिनंच खरी गोष्ट पोटात ठेवली होती. तेवढ्यात रुख्मीचे हातपाय थरथरायला लागले, छाती घरघरायला लागली. मग मात्र बाईचा धीर सुटला. काढू दे सासूला घराबाहेर!

"काकू, खरं सांगते," ती किंचाळली. "सकाळी हिच्या डोक्याला कपाशीचं औषध लावलंय म्या. आजून केसातच हाय. आता काय करू, सांगा!"

हापसा थांबला.

"आगं भवाने, हे आधी न्हाई का सांगायचं?" कस्तुराबाई ओरडली. "साबण आणा गं! डोकं धुवा हिचं! अन् बाटली संगट घे, डॉक्टरला दाखवायला!"

कुणाची तरी जीप मिळाली. मानवतच्या डॉक्टरांनी बाटली बघितली अन् लगोलग सुई टोचली. दुपारी रुख्मीनं पाणी मागितलं, तेव्हा चतुराबाई भिंतीला टेकून ढसाढसा रडली.

डोळे पुसतच होती, तोवर दवाखान्याच्या दारात कस्तुराबाई उभी. कडेवर नात, केस ओले, मान खांद्यावर टाकलेली. म्हातारीला धड बोलवंना.

"घरी जाऊन सुनंला विचारलं गं," ती म्हणाली. "आज हिला बी लावलंय."