हात हुंगणारी अक्का

अक्का समोरून येताना दिसली की आमच्या गल्लीतली पोरं हात पाठीमागं लपवायची. ती मुरुम गावची आशाताई, आरोग्य केंद्राची कार्यकर्ती. बाळंतिणींची चौकशी, लहानग्यांचे डोस ही तिची कामं. पण जाता-येता शाळकरी पोरांचे हात धरून हुंगायची. बाजारातल्या एका दुकानात पंक्चरचं सोल्युशन पोरांना सहज मिळायचं. ते हुंगून नशा करणारं पोर तिच्या नाकातून सुटत नसे.

मी नववीत होते. एका दुपारी तिनं माझा हात हुंगला आणि सोडलाच नाही. वडिलांना कळलं तर शाळा बंद, हे नक्की होतं.

"बापाला न्हाय सांगत," ती म्हणाली. "पर रोज शाळा सुटली की माझ्याकडं यायचं."

सुरुवातीला डोकं ठणकायचं, उगाच रडू यायचं. अक्का भाकरी पुढं सरकवून म्हणायची, "रड. पर इथं बसून रड."

एकदा मी सोबत असतानाच ती त्या दुकानात शिरली. "लेकरांना हे देऊ नका," एवढंच म्हणाली.

दुकानदार हसला. "अक्का, तुमची लेक बी याच रस्त्यानं शाळंला जाती न्हाय का?"

अक्काचा चेहरा पांढराफटक पडला. घरी येऊन तिनं आतून कडी लावली. दोन दिवस बाहेर पडली नाही. मला वाटलं, संपलं आता.

तिसऱ्या दिवशी तिनं गल्लीतलं एकेक दार वाजवलं. "मला लई भ्या वाटायलंय," उंबऱ्यात उभी राहून ती सांगत होती. "एकटीनं न्हाय व्हायचं. कोण येतंय?"

आमच्या दारात आली तशी माझी आई उठली. तिला माझं काहीच ठाऊक नव्हतं. ती चप्पल घालत असताना मी सगळं सांगून टाकलं. तिचा हात वर गेला. मी डोळे मिटले. तिनं मारलं नाही. माझं मनगट धरलं आणि मला घेऊनच निघाली.

पंधरा-एक बायका दुकानापुढं बसल्या. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही. आठवडाभरानं त्यानं पोरांना विकणं थांबवलं.

गेल्या वर्षी अक्का वारली. भेटायला गेले तेव्हा तिची लेक म्हणाली, "त्या साली आई रोज माझ्या मागं वीस पावलांवर चालायची, शाळेपर्यंत. मला कळू नये म्हणून लपतछपत. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पर मी कधी मागं वळले न्हाय. तिचं तोंड बघायचा धीर नव्हता."