मी नितळ म्हणालो

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायको गेली, तिलाही सांगितलं नाही. दोन बुकं शिकलेला माणूस, लिहिताना हात अडतो — पण तोंडानं सांगायला बसलो तर फिरवून सांगेन, म्हणून लिहितो.

नितळ हा आमचा रोजचा शब्द. पाणी नितळ असतं, आभाळ असतं, एखाद्याचं मन असतं. गुऱ्हाळावर मात्र तो शब्द कुणीही काढायचा नाही. काहिलीत, त्या मोठ्या कढईत, उसाचा रस उकळतो, भेंडीचा चीक पडला की रसातली घाण, मळी, वर येते, ती काढत राहायची. गुळव्या 'नितळ' म्हणाला की थांबायचं; मळी राहिली तर गूळ काळा पडतो. गुळव्या मी. कऱ्हाडापासून सांगलीपर्यंत माझ्या त्या एका शब्दावर लोक विसंबत. घमेंड होती मला. का नसावी?

दुसरी मोठी लढाई संपली त्या हंगामात रस धुरकट दिसू लागला. वाफ आहे, म्हणालो. धूर आहे. कुणाला म्हणालो? स्वतःलाच.

त्या दिवशीही मी 'नितळ' म्हणालो. चुलवाणाला जाळ घालणारा धोंडी — माझा बारा-पंधरा हंगामांचा जोडीदार — मान वर करून म्हणाला, "आरं गड्या, मळी हाय अजून. बघ की नीट."

"तू चिपाडं सार. रस वळखायला तुला सात जन्म लागतील."

सगळे हसले. धोंडीही हसला.

गूळ निघाला काळा. मालकानं विचारलं, काय झालं? आणि मी — क्षणभरही न थांबता — म्हणालो, जाळ जास्त झाला.

धोंडीला त्याच दिवशी काढलं. पुढं आसपासच्या एकाही गुऱ्हाळानं त्याला चुलवाणापुढं बसू दिलं नाही. माझा शब्द होता ना. बायकोपोरं घेऊन तो जतकडं सासुरवाडीला गेला, लोकांची मेंढरं राखायला. जाताना माझ्या दारात आला. मला वाटलं, शिव्या घालील.

"डोळं दाखीव कुणाला तरी," म्हणाला. "लय दिस बघतोय मी."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. मग मालकापुढं का बोलला नाही? अजून कळत नाही मला — की कळतं?

मोतीबिंदू निघाला; मिरजेला डोळे कापून घेतले. चष्मा लागला, सगळं लख्ख दिसू लागलं. तिथून जत किती लांब? गेलो नाही. पुढच्या हंगामाला पुन्हा काहिलीपाशी उभा राहिलो, 'नितळ' म्हणालो, लोकांनी मानलं. धोंडी तिकडंच वारला, असं बाजारात ऐकलं.

जाळ बरोबर होता. रस मला दिसत नव्हता. आणि दिसत नाही, हे मला माहीत होतं.