शेख सरांचा पेचकस

"मॅडम, शेख सर गेले. शेतात करंट लागला..." प्रयोगशाळेतल्या शिपायाचा फोन आला तेव्हा मी आधी त्याच्यावरच चिडले. "कोणते शेख सर? नीट विचारून फोन करत जा," म्हटलं. आमच्या फिजिक्सच्या शेख सरांना करंट लागेल, हे माझ्या डोक्यात शिरायलाच तयार नव्हतं. पुसदच्या ज्युनिअर कॉलेजात आम्ही वर्षानुवर्षं शेजारी-शेजारी शिकवलं. मी केमिस्ट्री, ते फिजिक्स. कब्रस्तानात सरांची माती झाली आणि गावाच्या जिभेला चाळाच मिळाला. "पोरायले करंट शिकवणारा करंटनंच गेला," असं पानठेल्यावर हसून बोलत होते. माझ्या कानांनी ऐकलं. त्यांतले दोघे तर त्यांचेच विद्यार्थी. नेमकं काय झालं ते मलाही ठाऊक नव्हतं.

एसी सर्किटचा धडा आला की सर पोरांना पुस्तक मिटायला सांगायचे. दोन पोरांना मैदानातल्या लिंबाभोवती फिरायला लावायचे. चाल एकच, पण एक जण पाव फेरी पुढे. पुढचा करंट, मागचा व्होल्टेज, झालं कंडेन्सरचं सर्किट! "आमच्या घरीपण हेच सर्किट हाय," ते हसत म्हणायचे, "भाईजान पुढं, मी मांगं." त्यात थट्टा कमी आणि खरं जास्त होतं. वडील अचानक गेले तेव्हा थोरल्या भावानं शाळा सोडून मोटर वाइंडिंगचं दुकान धरलं आणि धाकट्याला शिकवलं. पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, धरायलाही त्यानंच शिकवलं. पन्नाशी ओलांडली तरी सर भाईजानसमोर खुर्चीवर बसत नसत.

मग वर्गात खरा खेळ व्हायचा. कंडेन्सर प्लगला जोडायचा, बटन बंद करायचं, वायरी काढायच्या आणि विचारायचं, याच्यात आता करंट आहे का नाही? अर्धा वर्ग हो म्हणायचा, अर्धा नाही. सर लाकडी मुठीचा पेचकस दोन्ही टोकांवर आडवा टेकवायचे. कधी फटाका फुटल्यासारखा आवाज होऊन पुढच्या बाकावरच्या पोरी किंचाळायच्या, कधी काहीच व्हायचं नाही. एसीचा दाब, म्हणजे व्होल्टेज, सारखा वर-खाली होत असतो. बटन ज्या क्षणी बंद झालं, त्या क्षणाचा दाब कंडेन्सर धरून ठेवतो. कधी रिकामा, कधी काठोकाठ; पेचकस टेकवला की भरलेला रिकामा होतो. "तो क्षण आपल्या हातात नसते," सर म्हणायचे, "पेचकस असते." एकदा आमच्या घरचा कूलर बिघडला. ते येण्याआधी मी मोठ्या ऐटीत कंडेन्सरला पेचकस टेकवून ठेवला होता. तसं सांगितलं तरी त्यांनी स्वतःचा काढून पुन्हा टेकवलाच. मला राग आला. "माझ्यावर भरवसा नाही का, सर?" तर म्हणे, "तुमच्यावर हाय जी, कंडेन्सरवर नाही." असा हा माणूस... बायकोच्या शब्दावरसुद्धा मिक्सर उघडायचा नाही.

चाळिसाव्याला मी त्यांच्या घरी गेले. आतल्या खोलीत सरांच्या पत्नी नसरीनभाभी बायकांमध्ये बसल्या होत्या. कोणीतरी पुन्हा तेच काढलं, एवढे शिकलेले, थोडं सांभाळायला पाहिजे होतं. भाभींनी मान खाली घातली. घरचा माणूस गेल्याच्या दुःखाला ही लाज कशाला चिकटवतात लोक, मला समजत नाही. तेवढ्यात भाईजान उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. मातीपासून ते कोणाशी बोललेच नव्हते. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "त्याची गलती नोती. म्या त्याले सांगतलं, पेचकस टेकवलं म्हनून."

मग त्यांनी सगळं सांगितलं. शेतात त्या दिवशी लाईन दोनच फेजची होती. तिसरी नसली की आमच्याकडे कंडेन्सर लावून मोटर चालवतात; भाईजाननीही दोन लावले होते. मोटर नुसती गुरगुरत होती. त्यांनी बटन बंद केलं, पहिल्या कंडेन्सरला पेचकस टेकवला. दुसऱ्याची वायर तुटून लोंबत होती. तुटलेल्यात काय असणार म्हणून तो सोडला. पण वायर तुटल्यामुळेच त्यातला करंट मोटरमधून उतरून गेला नव्हता. तो आतच बसून होता. विहिरीच्या काठावरच्या पेटीत मदतीला आलेल्या सरांनी हात घातला. झटका बसला आणि ते मागे विहिरीत पडले... "त्यानं पेचकस काढलता," भाईजान म्हणाले, "मी म्हनलं, टेकवलं ना म्या. त्यानं खिशात ठेवून देल्ला."

मला वाटलं, आता भाभी त्यांना काहीतरी बोलणार. बोलल्या असत्या तरी मी त्यांना चुकीचं म्हटलं नसतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "ते तुमच्यासमोर कधी खुर्चीवर बसले नाही, भाईजान. तुमच्यासमोर दुसऱ्यांदा कसे टेकवतील?" मग कपाटातून तो पेचकस आणून त्यांच्या हातात दिला. ठिणग्यांनी त्याचं टोक काळं पडलं आहे. भाईजान तिथंच उंबऱ्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. पानठेल्यावरचं हसणं त्या संध्याकाळपासून थांबलं, पण त्याचं आता कोणाला काय सुख?

भाईजानचं दुकान परत उघडलंय असं कळलं म्हणून परवा मी घरचा बंद पडलेला टेबलफॅन घेऊन गेले. कित्येक महिने माळ्यावर पडून होता, त्यात करंट असण्याचा प्रश्नच नव्हता. भाईजाननी तो उघडला, कंडेन्सरला सरांचा पेचकस टेकवला. आवाज नाही. बाजू फिरवून पुन्हा टेकवला. पुन्हा नाही. तरी त्यांचा हात आत जाईना. मग त्यांनी पेचकसची मूठ माझ्याकडे केली. "म्या टेकवलं, मॅडम," ते म्हणाले, "तरी एक बार तुमी टेकवून पाहा."


मी टेकवलं.