अकोल्यावरून गेलेलं विमान

जावयाचा निरोप आला: बुधवारी मुंबईहून विमानानं येतो, दिवस घरी काढून संध्याकाळच्या गाडीनं कलकत्त्याला रुजू व्हायला निघतो. तो सरकारी विमान कंपनीत रेडिओवर. कंपनीनं नवी लाइन उघडली की याची बदली ठरलेली. आधी मद्रास, मग आसाम. दोन वर्षांत घरी येणं नाही. त्याचे वडील, माझे व्याही बापूराव, शेतातून थेट राजापेठेत माझ्या घरी आले.

"इवाई, विमान उतरते कुठं?"

मी भूगोलाचा मास्तर. शाळेतल्या नकाशावर मुंबई-नागपूरची हवाई रेघ अकोल्यावरून जात होती, आणि अकोल्याजवळ धावपट्टी आहे हे ऐकून होतो. रेल्वे थांबते, मग विमानाला काय धाड भरलीय? म्हटलं, "अकोल्याला."

सकाळची एसटी धरली. जाणाऱ्यांनी मागचं बाक घेऊ नये, हाडं खिळखिळी होतात. मूर्तिजापूरला भजी गरम मिळाली. बापूरावांनी मात्र तोंडात घास घातला नाही. मांडीवर झेंडूचा हार आणि लेकासाठी आंबाडीची भाजी-भाकर. अकोल्याहून धावपट्टीच्या शिवणीपर्यंत टांगा मिळतो, भाडं आधी ठरवावं.

मैदानात शेळ्या चरत होत्या. विमान आलं, उन्हात चमकलं आणि डोक्यावरून पूर्वेला निघून गेलं. बापूराव हार वर धरून उभेच.

"थांबलं कावून नाई?"

"वळून येईल," मी म्हणालो. माझी चूक मला तेव्हाच कळली होती. तरी त्या माणसाला मी ऊन उतरेपर्यंत लिंबाखाली बसवून ठेवलं.

राजापेठेत पोचलो तेव्हा दिवे लागले होते. लेक दारातच होती. "ते नागपूरला उतरून रेल्वेनं दुपारीच आले, बाबा. तुमची दोघांची वाट पाहून मघाशी बडनेरा स्टेशनवर गेले. एव्हाना गाडी सुटली असेल."

बापूरावांनी हार खुंटीला अडकवला. "पोरगं जेवून गेलं ना?" एवढंच विचारलं. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मला त्यांच्याकडे बघवेना.

आता कंपनीच्या लाइनी वाढल्यात, नकाशावर जाळं झालंय. नवी लाइन उघडल्याचं कानावर आलं की बापूराव येतात, रेघ कुठून जाते विचारतात. मी खाली मान घालून सांगतो.

"इथं थांबत नाई ना, इवाई?" ते म्हणतात. "मंग आपन घरीच राहू."