आमचं ऊन कोरडं, तुमचं वलं

फाल्गुन सरत आला होता आणि मिरजेत दुपारचे पंखे नुकते सुरू झाले होते. जेवणं उरकून मी ओटा पुसत होते, तेवढ्यात फोन वाजला. नाव म्हसवडच्या विहीणबाईंचं. त्यांची ती ठरलेलीच वेळ. मी फोन उचलला आणि पलीकडून आवाज यायच्या आधीच म्हणाले, "बोला विहीणबाई, आज काय म्हणतंय तुमचं ऊन?" नुसता श्वास... मग माझ्या मुलीचा, मेघाचा आवाज आला. "आई, मी बोलतेय. आत्या गेल्या गं. आत्ता जेवल्या, दारातल्या कट्ट्यावर जाऊन बसल्या आणि बसल्या बसल्याच..." मी ओलं फडकं हातात धरून तशीच उभी राहिले.

आता वैशाख लागलाय. ऊन रणरणतंय, आणि त्याबद्दल बोलायला माझ्याकडं माणूस नाही. हसू येतं मला या वाक्याचं, पण खरंच तसं आहे.

अनुसयाबाई म्हणजे माझ्या विहीणबाई, मेघाच्या सासूबाई. मेघा त्यांना आत्या म्हणायची आणि सासऱ्यांना मामा. बुटक्या, गोऱ्या, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणाऱ्या. लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा त्यांनी एकदाच तोंड उघडलं. मुलीचं नाव विचारलं आणि 'मेघा' म्हटल्यावर टाळी वाजवून म्हणाल्या, "आवं, आमच्या माणदेशात मेघ कुणाकडं येत न्हाई आणि आमच्या घरात चालत येतूय व्हय!" सगळी बैठक हसली. त्यांचे यजमान, सुभेदार, तेवढे हसले नाहीत. लष्करातून निवृत्त झालेला तो माणूस. ताठ बसायचे आणि बोलायचं झालं तर हुकूम सोडल्यासारखे चार शब्द.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत विहीणबाईंचा पहिला फोन आला. भर दुपारी. मी घाईनं विचारलं, "काय झालं? मेघा बरी आहे ना?" "तिला काय धाड भरलीया? जेवून झोपलीया. ऊन लय हाय आज. म्हणलं, इहिणबाईंकडं कसं हाय बघावं." मी चाट पडले. माझा सगळा जन्म दवाखान्यात परिचारिका म्हणून गेलेला. ताप किती, सलाईन कधी लावलं, नातेवाइकांनी बाहेर थांबा... कामापुरतं बोलायचं आणि पुढच्या खाटेकडं वळायचं, ही सवय. 'आमच्याकडंही ऊन आहे,' एवढं सांगितल्यावर आणखी काय बोलायचं ते मला कळेना. पण त्यांचं संपलेलं नव्हतं. मिरजेत नदी जवळ, म्हणजे घाम येत असेल. आमच्याकडं माणगंगेत नुसती वाळू, तिथं घामसुद्धा यायच्या आधी वाळतो. "आमचं ऊन कोरडं, तुमचं वलं. तुमचं वंगाळ!" असा निकाल त्यांनी दिला आणि फोन ठेवला.

मग रोजच फोन. माठाखाली वाळू घातली का, कलिंगड लाल निघालं का पांढरं, लाईट गेली का, आभाळ भरून आलं आणि फसवून गेलं का. शेळीनं उन्हाला खाणं टाकलं आणि संध्याकाळी सिद्धनाथाच्या देवळाकडनं वारं सुटल्यावर पुन्हा तोंड लावलं. अशा बातम्या. माझे यजमान पेपरामागून विचारायचे, "काय म्हणाल्या?" मी म्हणायचे, "ऊन आहे म्हणाल्या." "आणि?" "आणि काही नाही." ते मान हलवायचे. पण खोटं कशाला बोलू, दुपारी जेवण झालं की माझं लक्ष फोनकडं जायला लागलं होतं.

लग्नाला दोन उन्हाळे झाले असतील, आणि एका चैत्रात मेघा बॅग घेऊन दारात उभी राहिली. औषधशास्त्राची पदविका घेतलेली माझी पोर. म्हसवडला स्वतःचं औषधांचं दुकान टाकू, असं जावईबापूंनी लग्नाआधी कबूल केलं होतं. सचिनराव स्वभावानं चांगले, पण वडिलांपुढं त्यांची जीभ उचलत नसे. आणि सुभेदारांनी चार शब्दांत विषय मिटवला होता. "सून दुकानात बसणार न्हाई." मेघानं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. मिरजेची एसटी धरली. इकडं माझे यजमान चिडले, "त्यांनी फोन केल्याशिवाय आपण करायचा नाही." तिकडं सुभेदारांचंही बहुधा तेच चाललं असणार. सचिनरावांचा फोन आला तर मेघा उचलेना. घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं... आणि दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"इहिणबाई, ऊन लय हाय आज."

मी यजमानांकडं बघितलं, मेघाकडं बघितलं. "हो," म्हटलं, "इकडंही आहे." "तुमची ती वरची खोली पत्र्याची हाय न्हवं? तिथं पोरीला झोपू देऊ नगासा. भाजून निघंल." बस. भांडणाचं एक अक्षर नाही. मेघा दाराशी उभी राहून ऐकत होती. "काय म्हणाल्या?" "ऊन आहे म्हणाल्या." "एवढंच?" "तुला वरच्या खोलीत झोपू देऊ नका म्हणाल्या." त्या रात्री तिनं अंथरूण खालच्या खोलीत घातलं.

त्यांनी फोन चुकवला नाही. उन्हाबद्दलच बोलायच्या, पण त्या उन्हातून सगळं घर दिसायचं. "सचिन दुपारचा जेवाय येत न्हाई, म्हणतूय ऊन हाय. सावलीतनं सावलीत यायचं तर ऊन कुठं आडवं येतंय?" दुसऱ्या दिवशी, "सुभेदार आज उन्हातच खुर्ची टाकून बसलं व्हतं. आत या म्हणलं तर हालंनात. कायतरी शिजतंय डोस्क्यात." मी ते सगळं मेघाला जसंच्या तसं सांगायचे. जोडायचं नाही, गाळायचं नाही. मग एके दिवशी त्या म्हणाल्या, "कुरडया घातल्यात माळवदावर. येकटीच चढती-उतरती. काल वाईच भवंडल्यागत झालं..." माझ्या कानाला लागूनच मेघा उभी होती. तिनं फोन ओढूनच घेतला. "आत्या! भर उन्हात वर कशाला गेला होता? बीपीची गोळी घेतली का? कुठली घेतली, पांढरी का गुलाबी? आणि पाणी? नुसतं नको, मीठ-साखर घालून घ्या." पलीकडून काय उत्तर आलं मला ऐकू आलं नाही. पण मेघा फोन घेऊन मागच्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा डोळे लाल आणि ओठांवर हसू. मी विचारलं, "काय बोललीस एवढं?" ती म्हणाली, "उन्हाबद्दल."

त्यानंतर आठवडाभरात, ऐन दुपारी, विहीणबाई आमच्या दारात! मागं सुभेदार, टोपी काखेत, चेहरा उन्हानं तांबडालाल. "ह्यांचं डोळं दावायचं हुतं मिरजंला," विहीणबाई आत येता येताच म्हणाल्या. पाणी झालं, पन्हं झालं. दोन्ही पुरुष पंख्याखाली समोरासमोर बसले, आणि दोघांनीही तोंडं शिवून घेतलेली. विहीणबाई मात्र एकट्या किल्ला लढवत होत्या. एसटीच्या खिडकीचा पत्रा कसा तापला होता, विट्याला उसाच्या रसाला काय गर्दी, तासगावात कशी झुळूक आली. बोलता बोलता त्या अचानक थांबल्या आणि नवऱ्याकडं बघत राहिल्या. सुभेदारांनी घसा साफ केला.

"बाजारपेठेत गाळा बघितलाय," ते छताकडं बघत म्हणाले. "उन्हाच्या बाजूचा हाय. उन्हानं औषधं खराब होत्यात म्हनं. कूलर बसवाय लागंल."

कुणाला काही कळायच्या आत स्वयंपाकघराच्या दारातून मेघाचा आवाज आला. "कूलर नाही मामा, फ्रिज लागतो."

"मग फ्रिज," सुभेदार म्हणाले.

माझे यजमान पहिल्यांदा हसले. मग सगळेच. डोळे दाखवायला कोणी गेलंच नाही. मी विहीणबाईंना आत नेऊन विचारलं, "त्यांना कसं काय पटवलंत?" त्या पदरानं वारा घेत म्हणाल्या, "म्या कुठं पटवलं? रोज तुमाला फोन करती, त्ये शेजारी बसून ऐकत हुतंच की. मानूस तोंडानं बोलंना, पण त्येचं कान उघडंच असत्यात."

मेघाचं दुकान छान चाललंय. विहीणबाई रोज चार वाजता तिथं जाऊन बसायच्या. गोळ्या घ्यायला आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, सावलीला बसवायचं आणि उन्हाची चौकशी करायची. मेघा सांगते, निम्मी माणसं औषधाशिवायच बरी होऊन जायची.

गेल्या पंधरवड्यात मी म्हसवडला गेले. सचिनराव दुकानाचा माल आणायला साताऱ्याला गेलेले. घरात सगळं जागच्या जागी, फक्त बोलणं नाही. जेवताना सुभेदार पानाकडं बघून जेवले आणि उठले. चारच्या सुमारास ते कपडे करून कुठंतरी निघाले. मेघानं मला डोळ्यांनी खुणावलं, आणि आम्ही दोघी त्यांच्या मागोमाग दुकानात गेलो. दारातल्या सावलीत एक प्लॅस्टिकची खुर्ची असते, तिथं ते जाऊन बसले. मेघा हळूच म्हणाली, "रोज येतात. कुणाशी बोलत नाहीत. नुसते बसतात."

थोड्या वेळानं एक म्हातारी आली. अनवाणी, डोक्यावर टॉवेल, हातात रिकामं गोळ्यांचं पाकीट. सुभेदारांना बघून ती जरा बिचकली, पायरीवरच थांबली. सुभेदार ताठ झाले. घसा साफ केला. मला वाटलं, आता हुकूम सुटणार. ते उठले, खुर्ची तिच्याकडं सरकवली, तांब्यातून पाणी ओतलं.

"बसा," ते म्हणाले. मग जरा थांबून, अनोळखी शब्द उच्चारावा तसं, "ऊन... लय हाय आज, न्हवं?"

"लय!" म्हातारी धपकन बसली. "काय सांगू बाबा तुला, आमच्या वस्तीवर तर..."

आणि तिचं सुरू झालं. विहीर, शेळ्या, पत्रा, नातवाच्या अंगावरचं घामोळं. गोळ्यांचं पाकीट तिच्या मांडीवरच राहिलं. सुभेदार उभ्यानंच ऐकत होते आणि अधूनमधून मान डोलवत होते, "व्हय... व्हय... बगा की."