चिमणी साफ ठेवून केलेली मोजणी

आमच्या शेठला एकाएकी पर्यावरणाचा पुळका आला. ज्याने उभ्या जन्मात स्वतःच्या मिलच्या चिमणीकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, तो माणूस उठता-बसता ‘कार्बन, कार्बन’ करायला लागला. कारण सरळ होतं. पुलांची कामं घेणाऱ्या एका बड्या गिऱ्हाइकाने कळवलं होतं की, एक टन सळई बनवताना किती प्रदूषण होतं ते मोजा आणि जाहीर करा. आकडा जास्त निघाला तर धूर गाळायचं यंत्र बसवा, मगच माल घेऊ.

मी जालना एमआयडीसीतल्या त्या रोलिंग मिलमध्ये भट्टीवर सुपरवायझर. भट्टी बिघडली की पळत जाता यावं म्हणून शेठने मिलच्या भिंतीला लागूनच खोली दिलेली. तिथे बायकोचा दमा वाढत गेला. डॉक्टर म्हणाले होते, काजळी थांबवा, न्हाई तर जागा सोडा. म्हणून यंत्राची अट ऐकून मीच जास्त खूश झालो. तिला सांगितलं, आता खरं मोजणार आहेत, यंत्र बसणारच.

मोजणीला पुण्याहून सल्लागार येणार होता. झालं! आमच्याकडे कुणी साहेब येणार म्हटलं की एकच रीत: भट्टी मंद करा, माल काढू नका, चिमणी कशी धुतल्यासारखी दिसली पाहिजे. मॅनेजरने तोच हुकूम सोडला.

मी म्हटलं, “अहो, हा चिमणी बघायला येत नाही. दिवसभरात जळालेला कोळसा भागिले निघालेली सळई, असा हिशोब करणार आहे. भट्टी नुसती तापत ठेवली तर कोळसा जळत राहील आणि सळई निघणार न्हाई.”

“तुम्ही लै शहाणे!” मॅनेजर म्हणाला. “साहेब येऊन राह्यले, चिमणी साफ पाह्यजे. बस.”

मंग मीही गप्प बसलो. खड्डा त्यांचा, कुदळ त्यांची, मी कशाला आडवा येऊ? दिवसभर कोळसा जळला, सळई नावाला निघाली, आणि टनामागचा आकडा असा भयंकर आला की शेठ खुर्चीतून उठलाच. मला आतून उकळ्या फुटत होत्या. घरी येऊन बायकोला म्हटलं, “यांच्याच अकलेने यंत्र बसतंय बघ.”

“खरंच का हो? मंग खिडकी उघडता येईल,” ती म्हणाली. एवढं बोलायला तिला दोनदा थांबावं लागलं.

दुसऱ्या दिवशी शेठच्या केबिनमध्ये कचोरी आली, चहा आला, आणि सल्लागाराला ज्ञान झालं. म्हणे, कालचा दिवस नेहमीसारखा नव्हता, तेव्हा असल्या मिलची सगळीकडची सरासरी असते, तीच आपण धरू. वा रे पंडित! मी म्हटलं, “सर, आज भट्टी जोरात चालू आहे. आज मोजा ना.” तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी जिलेबीवर लोणचं मागितलं. मुदत कमी आहे म्हणाला आणि कचोरीचा तुकडा मोडला.

सरासरीचा आकडा गोजिरवाणा होता. यंत्राची गरजच उरली न्हाई. जाहीरनामा छापून आला, वर हिरवं पान. जिथे पान उगवायला भितं, तिथल्या सळईवर पान! ऑर्डर मिळाली, पेढे वाटले. मी माझा पेढा गेटावरच्या कुत्र्याला टाकला. त्या बेशरमाने तो खाल्ला.

बायकोला काय सांगावं कळेना. तिनेच चेहरा ओळखला. भांडली न्हाई. आठवडाभरात वाटूरला भावाकडे गेली.

तिथून फोन करते. आता सलग बोलते, सोयाबीन, शेजारीण, भावाची पोरं, सगळं एका दमात. परवा मी म्हटलं, “किती दिवस राहशील? ये ना परत.”

“तुम्हीच या की,” ती म्हणाली.

मी म्हटलं, “इथं भट्टी कोण बघंल?”

ती “बरं, बघा तुमची भट्टी” म्हणाली आणि फोन ठेवून दिला.